डी ड्राइव्हमधल्या बायका

लेकीचं बाळंतपण उरकून मी हिंगोलीला परत आले, तर आमच्या केंद्रातल्या माझ्या टेबलावर नवाकोरा कॉम्प्युटर बसलेला. पातळ, काळा, आवाज म्हणून नाही. खाली पायाशी जो जुना डबा दिवसभर घरघरत असायचा, तो गायब. त्याच्या मागून गरम वाफ निघायची, उन्हाळ्यात पोटऱ्या भाजायच्या. त्याला मी कितीदा शिव्या दिल्या असतील. पण तो तिथं नाही म्हटल्यावर मी दोनदा टेबलाखाली वाकून बघितलं.

"कसा आहे?" आमच्या मोठ्या मॅडमनी कौतुकानं विचारलं. संस्था त्यांचीच. त्यांनीच पदरमोड करून, याच्या-त्याच्याकडं शब्द टाकून ती चालवलेली.

"छान आहे. जुना कुठं ठेवला?"

"एक्सचेंजमध्ये दिला. भंगारच झाला होता की तो."

"आणि त्याच्यातलं सगळं?"

"सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, इकडं टाकलं. तिकडचं डिलीट केलं. एवढं कळतं हं मला," मॅडम हसल्या. "डेस्कटॉपवर एक फाइल ठेवली नाही."

"आणि डी ड्राइव्ह?"

"ते काय असतं?"

मी खुर्चीत बसले. माझ्या आधी जो ऑपरेटर होता, त्यानं अशी सोय करून ठेवली होती की आम्ही डेस्कटॉपवर जे काही ठेवू त्याची एक प्रत डी ड्राइव्हमध्ये आपोआप जाऊन बसायची. एकदा लाइट जाऊन सगळं उडालं होतं, तेव्हा त्याच प्रतीनं आम्हाला वाचवलं होतं. मॅडमना हे माहीत असायचं कारणच नव्हतं. त्या मशीनवर कधी बसल्याच नव्हत्या.

आमचं केंद्र म्हणजे दोन खोल्या. नवऱ्यानं मारलेल्या, सासरच्यांनी हाकललेल्या, कधी स्वतःच लेकरू काखेत घेऊन निघून आलेल्या बाया तिथं येतात. त्या बोलतात, मी ऐकते आणि टाइप करते. अर्ज, जबाब, दवाखान्याचे कागद, अंगावरच्या वळांचे फोटो. आणि बाई सुरक्षित ठिकाणी गेली की ती कुठं गेली, कुणाकडं राहते, लेकरू कोणत्या शाळेत घातलं, तेही. सगळं डी ड्राइव्हमध्ये.

मी त्याच पावली कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. मॅडम मागून म्हणाल्या, "अगं, चहा तरी घे." मला चहा दिसत नव्हता.

दुकानदारानं आठवून आठवून सांगितलं, "तो डबा होय? तो गेला की. गोरेगावचा एक जण घेऊन गेला. ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकलंय त्यानं."

"त्याच्यातलं पुसलं होतं का तुम्ही?"

"विंडोज नवीन टाकून दिली ना. सी ड्राइव्ह फॉरमॅट."

"आणि डी?"

"डीला काहून हात लावू? तिकडं गिऱ्हाइकाचा डाटा असतो. गेला तर आमच्याच नावानं बोंब."

गोरेगाव. जिल्ह्यात इतकी गावं, आणि तो डबा गोरेगावलाच गेला.

कारण गोरेगावच्या शेजारच्या वस्तीवरची एक बाई त्या डी ड्राइव्हमध्ये होती. ती आमच्याकडं आली तेव्हा तिचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजलेला होता आणि पाच-सहा वर्षांची पोरगी तिच्या पदराला धरून उभी होती. तिचा नवरा बाजारा-बाजारानं बकऱ्यांचा व्यापार करायचा. आम्ही त्याला बैठकीला बोलावलं होतं. मला वाटलं, आरडाओरडा करणारा कुणी येईल. तर स्वच्छ कपड्यातला, हळू आवाजात बोलणारा माणूस आला. हात जोडून म्हणाला, "म्याडम, मी तिला बोटसुदा लावलं न्हाई. चुलीवर पडली ती." आणि तिच्याकडं वळून तितक्याच हळू म्हणाला, "पडली न्हवं का गं?" ती तेव्हा जी थरथरली, ते बघून मी ठरवलं की हिला परत पाठवायचं नाही. दुसऱ्या जिल्ह्यात मुलींच्या एका वसतिगृहात तिला स्वयंपाकाचं काम लावून दिलं. तेव्हापासून तो तिला शोधत होता. तिच्या माहेरी जाऊन बसायचा, शाळेत जाऊन पोरीचा दाखला कुठं गेला म्हणून विचारायचा. आमच्या दारावरही दोनदा येऊन गेला. आणि तिच्या वसतिगृहाचं पत्र, पोरीच्या नव्या शाळेचं नाव, सगळं त्याच्या गावापासून हाकेच्या अंतरावर एका टेबलावर उघडं पडलेलं.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या पांढऱ्या पडल्या. मग म्हणाल्या, "तिला काही कळवू नको. उगाच घाबरेल. आपण गुपचूप आणू ते."

मी केंद्राच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ जाऊन तिला फोन लावला. घाबरायचा हक्क तिचा होता, तो आपण कसा काढून घ्यायचा?

मी सांगत होते आणि तिकडून भांड्यांचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"गोरेगावात कुटं?" तिनं विचारलं.

"स्टँडजवळ, फॉर्मचं दुकान आहे म्हणे."

"ताई, तुमी जाऊ नका तिथं. बाजाराच्या दिवशी तो तिथंच ऱ्हातो. बाकीच्या दिवशी बी त्याचं उठणं-बसणं गोरेगावातच हाय. तुमाला वळखतो तो."

"मग कोण जाणार गं?"

तिनं स्वयंपाकघराचं दार लोटल्याचा आवाज आला. नंतर म्हणाली, "मला इथून निघावं लागंल का? पोरीची परीक्षा हाय."

"माहीत नाही," मी म्हणाले. खोटं कसं सांगणार? "आधी आणू दे. रात्री फाटकाला कुलूप असतं ना? वॉर्डनबाईंना सांगून ठेव, कुणी विचारत आलं तर तुला बाहेर बोलवायचं नाही."

"सांगते," ती म्हणाली. फोन ठेवताना पुन्हा म्हणाली, "जपून जा."

माझी भावजय वसमतला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, मला अक्का म्हणते. तिला फोनवर विचारलं, "तिथं जाऊन त्याला म्हटलं, बाबा माझ्यासमोर डिलीट कर, तर चालेल ना?"

"नाही चालणार, अक्का," ती म्हणाली. "डिलीट केलं म्हणजे फक्त घरावरची पाटी काढली. माणसं आतच असतात. साधं सॉफ्टवेअर टाकलं तरी सगळं परत बाहेर येतं."

"मग?"

"ती हार्ड डिस्कच काढून आणायची. डब्याशी आपल्याला काही देणं-घेणं नाही, आतला वहीएवढा लोखंडी तुकडा तेवढा पाहिजे. त्याला बदल्यात नवी डिस्क द्या. मशीन पळायला लागेल त्याचं, तो कशाला नाही म्हणेल? आणि हे बघा, त्याच्याजवळ फार गयावया करू नका. त्यात काहीतरी मोठं आहे असं वाटलं, तर तो आधी उघडून बघेल."

हा सल्ला बरोबर होता, पण त्यानं माझी भीती दुप्पट झाली. घाबरलेलं असायचं आणि दिसायचं मात्र नाही.

बाजाराचा दिवस टाळून मी निघाले. नवी डिस्क पर्समध्ये, टॉवेलात गुंडाळून. गोरेगावची जीप भरायला वेळ लागला. ड्रायव्हर "अजून दोन शीट, अजून दोन शीट" करत उभा, आणि मी मनात बोलायचं वाक्य घोकत होते. संस्थेचे जुने हिशेबाचे कागद राहिलेत, ऑडिटला लागतात. संस्थेचे जुने हिशेबाचे कागद... शेजारच्या आजीबाईनं विचारलं, "काय म्हनता, बाई?" तेव्हा कळलं की माझे ओठ हलत होते. वाटेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद वाळत घातलेली होती, जीपमध्ये तिचा वास भरून राहिला होता. एरवी मला तो वास आवडतो. त्या दिवशी मी नाकाला पदर लावला.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. एका गाळ्यात झेरॉक्सचं मशीन, फोटो काढायला मागं निळा पडदा, बाहेर बाक. बाकावर पीकविम्याचे फॉर्म भरायला आलेले तीन-चार जण. आणि काउंटरच्या कडेला आमचा डबा. त्याचं चालू करायचं बटण तुटलेलं होतं, आम्ही रिफिलनं दाबायचो. इथंही तिथं एक रिफिल खोचलेली होती.

दुकानदार तिशीचा असेल. मी म्हणाले, "भाऊ, मी हिंगोलीहून आले. हा डबा आमच्या संस्थेचा होता."

त्यानं मान वर केली. "व्हय का? मंग? इकला ना तुमी?"

मी घोकलेलं वाक्य म्हटलं. ऑडिट, हिशेब, नवी डिस्क बदल्यात देते. तो माझ्याकडं बघत राहिला.

"हिशेबाचं तर काई न्हवतं त्याच्यात," तो म्हणाला. "बायांचे अर्ज व्हते."

मी डिस्क टॉवेलातून काढून काउंटरवर ठेवली. "पाहिले का तुम्ही?"

"एक उघडला. म्हणलं कशाचं हाय पाहू. दोन-चार वळी वाचल्या, बंद केला. लोकाच्या घरातलं आपल्याला काय करायचं? डिलीट करून टाकलं सगळं. आता काईच न्हाई तिथं."

"तरी मला ती डिस्क पाहिजे."

"काहून? डिलीट केलं म्हणलं ना."

भावजयीनं सांगितलेलं मला त्याला सांगायचं नव्हतं. डिलीट केलेलं परत काढता येतं, हे त्याला माहीत नसेल तर मीच का शिकवू? मी म्हणाले, "आमच्या मॅडमचा हट्ट आहे, भाऊ. मी नोकर माणूस."

तो जरा हसला. नवी डिस्क हातात घेऊन उलटी-पालटी पाहिली. "बसा मंग. माझ्या गिऱ्हाइकांचं तेवढं इकडं कॉपी करतो. टाइम लागंल."

मी बाकाच्या टोकाला बसले. डब्याचं झाकण निघालं, नवी डिस्क आत जोडली गेली, स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकायला लागली. तो फॉर्मवाल्यांना सांगत होता, मशीन कामात आहे, थांबा. ते तंबाखू मळत थांबले. मी पट्टीकडं बघू नये म्हणून रस्त्याकडं बघत होते. म्हणून तो येताना मला लांबूनच दिसला.

बैठकीला आला होता तसेच स्वच्छ कपडे. खांद्यावर रुमाल. हातात सातबाऱ्याचा कागद. मी पदर पुढं ओढला, पण त्याची नजर माझ्यावर पडून गेली होती.

"म्याडम!" तो हळूच म्हणाला. "वळखलं का? तुमी इकडं कुनीकडं?"

"आले होते कामानं."

तो माझ्या शेजारी बाकावर बसला. मधे माझी पर्स. एवढ्या जवळून मला त्याच्या साबणाचा वास येत होता.

"ती बरी हाय ना?" त्यानं विचारलं.

मी पर्स उचलून मांडीवर घेतली.

"पोरगी मोठी झाली असंल. बापाची याद करते का न्हाई, कोण जाणे." तो रस्त्याकडं बघत बोलत होता, जणू पावसापाण्याच्या गोष्टी. "मी कुटं म्हणून राहिलो पत्ता द्या म्हणून? तुमी न्हाई देणार, मला म्हाईत हाय. मी आपला शोधून राहिलो. कुटं न कुटं कागद असतोच. कागदाबिगर आजकाल काय होतंय?"

समोर, हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर, तो कागद होता. चपलेचा आवाज होऊ नये म्हणून मी दोन्ही पाय एकमेकांवर दाबून धरले. त्याला काही माहीत आहे का? की हा सहज बोलला? विम्याच्या फॉर्मला आलाय, कागद हातात आहे, म्हणून कागदाचं बोलला असेल.

आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. भावजय. मी घाईनं उचलला, आणि तिचा आवाज त्या शांत गाळ्यात खणखणीत ऐकू आला: "अक्का, निघाली का डिस्क?"

"नंतर करते," म्हणून मी बंद केला.

"कसली डिस्क?" त्यानं विचारलं. आवाज तसाच मऊ. पण आता तो माझ्याकडं बघत होता.

उत्तर आलं काउंटरमागून.

"प्रिंटरची," दुकानदार स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "म्याडमच्या हापिसातलं प्रिंटर बंद पडलं. त्याची शीडी व्हती माझ्याजवळ, ती न्यायला आल्या. आन् तुमचं काय, इम्याचं ना? सर्वर डाउन हाय. सकाळपासून सगळे हे बसून राहिले. उद्या या."

त्यानं सातबाऱ्याची घडी घालून खिशात ठेवली. मग उठला, मला हात जोडले. "येतो, म्याडम. तिला सांगा, म्या इचारलं म्हणून."

तो चौकात वळेपर्यंत मी त्याच्या पाठीकडं बघत होते.

पट्टी संपल्यावर दुकानदारानं स्क्रू काढून जुनी डिस्क माझ्या हातात दिली. जुन्या पेपरात गुंडाळून, वर पिशवी. हात लावला तर ती अजून गरम होती. मी आभार मानायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, "जीप लागली हाय, निघा. मागच्या शीटावर बसा."

हिंगोली येईपर्यंत ती पिशवी मी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. काम झालं होतं. पण जीव ठिकाणावर येईना, उलट एक नवंच खूळ डोक्यात शिरलं. तो दुकानदार खोटं का बोलला? मी त्याला काही सांगितलं नव्हतं. बाकावर बसलेला माणूस कोण, मी त्याला का घाबरते, हे त्याला कसं कळलं? दोन-चार ओळी वाचून कळलं? माझ्या चेहऱ्यावरून कळलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण चेहऱ्यावरून एवढंच कळतं की बाई घाबरली. प्रिंटरची सीडी नाही सुचत. म्हणजे त्यानं वाचलंय. सगळं वाचलंय. आणि वाचलं असेल तर स्वतःजवळ ठेवलंही असेल.

सुट्टीच्या दिवशी सकाळची बस धरून मी वसमतला गेले. भावजयीनं जेवणाचं टेबल रिकामं करून ठेवलं होतं. तिनं डिस्क आपल्या मशीनला जोडली आणि म्हणाली, "अक्का, आधी एक दाखवते. नाहीतर तुम्हाला वाटेल मी उगाच भीती घातली."

तिनं एक सॉफ्टवेअर चालवलं. रिकामा म्हणून दिसणाऱ्या डी ड्राइव्हमधून एकेक नाव वर यायला लागलं. कळमनुरीची ती शिक्षिका. औंढ्याची, जिला मूल होत नाही म्हणून टाकलं होतं ती. सेनगावच्या दोघी बहिणी. मीच टाइप केलेली नावं, माझ्याच चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घांसकट. आणि त्यांच्यात ती, हात भाजलेली. भावजयीनं फाइल उघडली नाही. मी म्हटलं, "बस. बंद कर."

"आता खरं पुसायचं," ती म्हणाली. "पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत सगळीकडं शून्य लिहायचं. पाटीवर ओलं फडकं फिरवायचं तसं नाही, पाटी पुन्हा काळी रंगवायची तसं. मग खाली काय होतं ते कुणालाच काढता येत नाही. मशीन तीनदा विचारील, खरंच का म्हणून. आणि डिस्क बरोबर निवडायची, नाहीतर माझीच पुसली जाईल."

तिनं दोनदा नंबर ताडून पाहिला, मग मला म्हणाली, "तुम्ही दाबा."

मी दाबलं. पट्टी सुरू झाली. ही पट्टी गोरेगावच्या पट्टीपेक्षा हळू होती. आम्ही भाकरी केल्या, जेवलो, भांडी घासली. मी दर थोड्या वेळानं पदराला हात पुसत बघून यायची. लाइट जाईल का, असं विचारून विचारून मी तिला वैताग आणला. दुपारी डिस्कमधून टक-टक असा आवाज यायला लागला आणि पट्टी एका जागी थांबली.

"काय झालं?"

भावजय वाकून बघत होती. "जुनी आहे ना. काही जागा खराब झाल्यात. तिथं लिहिता येत नाही."

"तिथं काय असेल?"

"काहीही असेल. एखाद्या फोटोचा तुकडा. एखादी ओळ. नाहीतर काहीच नसेल."

"एखादी ओळ म्हणजे पत्ता बसतो त्यात," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बरं. ज्या जागांवर लिहिता येतंय त्या होऊ द्या. मग फोडू."

बाकीची पट्टी चार वाजायच्या सुमारास संपली. डिस्क अंगणात नेली. तिचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे होते, साध्या स्क्रू ड्रायव्हरला दाद देईनात. शेवटी भावजयीनं कपाट ठोकायला आणलेलं ड्रिल मशीन काढलं, लाकडी पाटावर डिस्क ठेवली आणि झाकणावरूनच भोक पाडायला सुरुवात केली. किरकिर आवाज, मग खालच्या चकत्यांना टोक लागलं तसा आवाज बदलला. शेजारच्या बाईनं भिंतीवरून विचारलं, "काय हो, सुट्टीच्या दिवशी?" भावजय म्हणाली, "जुनं भंगार आहे." तिनं एक भोक पाडलं, दुसरं मी पाडलं, मग आणखी, जिथं जागा दिसेल तिथं. माझा हात दुखायला लागला तरी मी थांबत नव्हते. तिनं शेवटी मशीनचं बटण बंद केलं. "अक्का, आता ह्यातून देवसुद्धा काही काढू शकत नाही."

मी तिला गोरेगावचं सांगितलं, प्रिंटरच्या सीडीचं. तिनं ड्रिलची वायर गुंडाळून ठेवली.

"त्यानं कॉपी करून ठेवली असेल तर?" मी विचारलं.

"तर त्याला इलाज नाही," ती म्हणाली. "डिस्क पुसता येते. जे दुसऱ्याच्या डोक्यात गेलं ते नाही."

मी त्या बाईला फोन केला. डिस्क फोडल्याचं सांगितलं, तिचा नवरा भेटल्याचंही. दुकानदाराचं तेवढं नाही सांगितलं, कारण त्यात सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, नुसता संशय होता. ती म्हणाली, "पोरीची परीक्षा होऊस्तोवर ऱ्हाते इथंच."

ते महिने वाईट गेले. केंद्रात नव्या कॉम्प्युटरवर भावजयीनं येऊन पासवर्डच्या कुलूप-किल्लीची सोय करून दिली, मॅडमही शिकल्या. पण अनोळखी नंबर दिसला की माझा हात आधी थांबायचा, मग उचलायचा. बसस्टँडवर स्वच्छ सदरा, खांद्यावर रुमाल दिसला की मी माणूस निरखून बघायची. तिचा फोन ठरल्या दिवशी आला नाही तर मीच लावायची आणि ती उचलेपर्यंत उभी राहायची. ती म्हणायची, "ताई, मी भाकऱ्या टाकून राहिले व्हते." मी म्हणायची, "बरं, बरं."

दसऱ्याच्या आधी हिंगोलीच्या स्टँडवर कुणीतरी मला "म्याडम" म्हणून हाक मारली. गोरेगावचा दुकानदार. हातात कागदाचे गठ्ठे, बायको आणि लेकरू बरोबर. त्यानं बायकोला पुढं जायला सांगितलं आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"तो इचारत व्हता," तो म्हणाला. "दोनदा आला. म्हणला, त्या म्याडम कशाला आल्त्या खरं सांग. म्या म्हणलं, प्रिंटर. दुसऱ्यांदा जरा घुश्श्यात व्हता. म्हणलं, माझं दुकान हाय बाबा, गिऱ्हाईक येतंय, जातंय."

"तुम्ही त्याला ओळखता?"

"आमच्याच शिवारातला हाय." तो गठ्ठ्यांची दोरी नीट करत राहिला. "तुमाला म्या खोटं बोललो त्या दिवशी. चार वळी न्हवत्या वाचल्या. वळखीचं नाव दिसलं, म्हणून तिचा सगळा वाचला. ती कुटं हाय तेबी वाचलं. म्हणून तर डिलीट केलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी भेलेल्या. अजूक भेल्या असत्या." मग तो म्हणाला, "माझ्याजवळ काई न्हाई ठेवलं. इश्वास ठेवा, नका ठेवू. पण तुमी दुकानावर येऊ नका पुन्हा. काम असलं तर हितं हिंगोलीत भेटा."

बायकोनं हाक मारली तसा तो गेला. मी त्याला काय म्हणाले, धन्यवाद म्हणाले की नाही, आता आठवत नाही. माझी बस लागून निघून गेली तरी मी तिथंच उभी होते.

संध्याकाळी मी वसतिगृहात फोन लावून तिला सगळं सांगितलं. या वेळी काही राखून ठेवलं नाही. ती ऐकत होती.

"म्हणजे तिकडं एका माणसाला ठाव हाय," ती म्हणाली.

"हो."

"आन् त्यानं सांगितलं न्हाई."

"नाही सांगितलं."

"कोणता तो? स्टँडजवळचा? त्याच्या आईचं दुकान व्हतं आधी तिथं, बांगड्यांचं?"

"ते मला माहीत नाही."

"तोच असंल," ती म्हणाली. "त्याच्या आईकडं बांगड्या भरायला जायची मी." मग तिनं पोरीचा विषय काढला. पोरगी पास होऊन वरच्या वर्गात गेली होती, आता सायकल मागत होती.

दिवाळीनंतर तिनं काम तेच ठेवलं, पण वसतिगृहातली खोली सोडून दुसरीकडं भाड्यानं जागा घेतली. कुठं घेतली ते ती सांगायला लागली होती, मीच तिला थांबवलं.